पाण्याचा दिवस सोडून: पहिल्या हाफ मॅरेथॉनच्या नोंदी

१ सप्टेंबर २०२४, रविवार

नोंदणी करून टाकली. आमच्याच शहरातली, छत्रपती संभाजीनगरची हाफ मॅरेथॉन. १५ डिसेंबर, २१.१ किलोमीटर, फी ११०० रुपये. हातात पंधरा आठवडे.

आजची स्थिती लिहून ठेवते, म्हणजे नंतर फुशारकी मारता येणार नाही. वय ४१. तीन किलोमीटरला २७ मिनिटं लागली आणि त्यात दोनदा चालले. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, साडेआठला घर सोडावं लागतं. म्हणजे पळायला वेळ पहाटे पावणेपाच ते सहा, त्यानंतर डबे.

सरावाचे तक्ते भरपूर मिळतात. मंगळवारी वेगाचा सराव, गुरुवारी मध्यम, रविवारी लांब पल्ला. पण त्यात नळाचा रकाना नाही. आमच्याकडे सिडकोत पाणी सातव्या-आठव्या दिवशी येतं आणि बरेचदा पहाटेच येतं. त्या दिवशी बाई घराबाहेर असेल तर पुढचा आठवडा टँकरवर. हा रकाना असलेला तक्ता कुणाकडे दिसला नाही, म्हणून ह्या नोंदी.

८ सप्टेंबर, रविवार

मुलाच्या जुन्या शूजवर आठवडा काढला. आज सकाळी पळून आल्या आल्या दुकानात जाऊन २६०० चे नवीन घेतले. पायात अगदी घट्ट बसले, दुकानदार म्हणाला असेच पाहिजेत. मलाही पटलं.

५ किलोमीटर, ४३ मिनिटं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

तीन दिवस काहीही नाही. महालक्ष्म्या. काल सोळा भाज्या, पुरण, आणि रात्री अकरापर्यंत पंगती. ज्या घरात महालक्ष्म्या बसतात त्या घरातल्या बायकांनी ह्या आठवड्यात सराव बुडाला म्हणून जीव जाळू नये. उभं राहून पाय जेवढे भरून आले तेवढे पाच किलोमीटरनेही येत नाहीत.

१५ सप्टेंबर, रविवार

७ किलोमीटर करायचे होते, साडेचार झाले. कुत्री.

टीव्ही सेंटरच्या अलीकडे सहा-सात होती. मी वेग वाढवला, तीच चूक. आपण पळालो की ती मागे लागतातच. शेवटी एका दूधवाल्याने मोटारसायकल मध्ये घातली. वर म्हणाला, "मॅडम, एवढं पळून कुठं जायलात?"

आता जमलेली पद्धत सांगते. लांबून टोळकं दिसलं की पळणं थांबवायचं, चालायला लागायचं, नजर भिडवायची नाही. एखादं फारच अंगावर आलं तर खाली वाकून दगड उचलल्यासारखं करायचं. ह्यात दर वेळी दोनेक मिनिटं जातात, ती जाऊ द्यायची. घड्याळ वाचवायला गेलं की पोटरी जाते. अंधारात आपण दिसावं म्हणून ४५० रुपयांचा डोक्याला बांधायचा दिवाही घेतला. कुत्र्यांपेक्षा तो रिक्षावाल्यांसाठी जास्त उपयोगी आहे.

२२ सप्टेंबर, रविवार

१५ तारखेला राहिलेली कसर भरून काढायची म्हणून आज एकदम ११ केले. तेही सिमेंटच्या रस्त्यावर, आणि जमेल तेवढं जोरात. नववा संपताना डाव्या नडगीच्या आतल्या कडेला कळ आली. तरी थांबले नाही. "अकरा म्हणजे अकरा." वर्गातल्या पोरांना मी रोज सांगते की समजलं नाही तर थांबा, विचारा.

संध्याकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागला.

२६ सप्टेंबर, गुरुवार

फिजिओथेरपिस्टकडे दुसरी खेप. हाड शाबूत आहे, हाडालगतचा भाग सुजलाय. दोन आठवडे पळणं बंद, चालायला हरकत नाही. बर्फ, आणि टाचा उचलायचा व्यायाम: पायरीच्या कडेवर चवडे टेकवून वर-खाली, पंधराचे तीन फेरे.

त्यांनी दोनच प्रश्न विचारले. आठवड्याला किती वाढवलं? आणि पळताना बोलता येतं का? पहिल्याचं उत्तर ऐकून त्यांनी पेन खाली ठेवला. दुसऱ्याचं उत्तर मला माहीतच नव्हतं. एकटी पळते, बोलणार कुणाशी?

टाचांचा व्यायाम पाणी भरताना होतो, हा शोध आजचा. टाकी भरायला पन्नास मिनिटं लागतात आणि मोटारीपाशी कुणीतरी उभं राहावंच लागतं.

६ ऑक्टोबर, रविवार

परत सुरुवात. ३ किलोमीटर, मातीच्या कडेने.

बोलण्याची अडचण पाढ्यांनी सुटली. १७ चा पाढा मोठ्याने म्हणायचा. सतरा साही एकशेदोनलाच धाप लागली तर वेग जास्त आहे. सतरा दाहेपर्यंत पोचलं तर बरोबर. पाढा संपून २९ चा सुरू करावासा वाटला तर थोडं वाढवायला हरकत नाही. ह्या मापाने माझा खरा वेग किलोमीटरला साडेआठ मिनिटं निघाला. मी सात-सव्वासातने पळत होते. नडगी दुखली त्याचं कारण रस्त्यापेक्षा हे जास्त होतं.

९ ऑक्टोबर, बुधवार

नवरात्राचे नऊही दिवस धरते, लग्नाच्या आधीपासून. रात्री भगर आणि शेंगदाण्याची आमटी, दिवसभर जवळजवळ काहीच नाही. तशात आज ८ किलोमीटरला निघाले. सहाव्यात डोळ्यांपुढे काजवे. एका बंद दुकानाच्या पायरीवर वीस मिनिटं बसले, मग नवऱ्याला फोन.

सासूबाई दारातच: "उपास तरी सोड नाहीतर पळणं तरी सोड. देवी म्हणायलीय का तुला पळ म्हणून?"

उपास सोडला नाही. पळणं दसऱ्यापर्यंत सोडलं, नुसतं चालले. दोन्ही करणाऱ्या बायका असतील, मला जमलं नाही.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

पाण्याच्या दिवसाचा निकाल लागला. आमच्या गल्लीचं एक टोक ते दुसरं टोक शाळेतला टेप लावून मोजलं: ११० मीटर. मोटार सुरू केली की गल्लीतच फेऱ्या. टाकीचा आवाज बदलला की कळतं भरत आली. फेऱ्यांचा हिशोब फाटकावर खडूने. सारखं वळावं लागतं म्हणून गुडघ्यावर ताण येतो, त्यामुळे दहा फेऱ्यांनंतर वळायची बाजू बदलते.

शेजारच्या काकू दोन दिवस गॅलरीतून नुसत्या बघत होत्या. आज त्याही सहा फेऱ्या चालल्या. त्यांची टाकी आमच्या आधी भरते.

२० ऑक्टोबर, रविवार

विद्यापीठात १२ किलोमीटर. झाडी आहे, गाड्या कमी, आणि लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला चांगला चढ. सोबत जाऊबाई, स्कूटीवरून.

एक गोष्ट पुरुषांच्या नोंदींत सापडत नाही, ती इथे लिहिते. दीड तासापेक्षा जास्त बाहेर राहायचं तर लघवीला कुठे जायचं हे आधी ठरवून निघावं लागतं. मी आधी पाणीच कमी पिऊन निघायचे, आणि दहाव्या किलोमीटरला डोकं ठणकायचं. आता मार्ग आखते तो पेट्रोल पंपांवरून. पहाटे साडेपाचला कुठल्या पंपाचं स्वच्छतागृह उघडं असतं आणि कुठल्याची किल्ली मागावी लागते ह्याची यादी वहीच्या मागच्या पानावर आहे. पाळीच्या दुसऱ्या दिवशी लांब पल्ला नाही, तो सरळ तीन दिवस पुढे. तक्ता माझा आहे, मी तक्त्याची नाही.

आणि शूज. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली. सकाळी घट्ट बसणारा शूज दहा किलोमीटरनंतर लहान होतो, कारण पाय सुजतो. शूज संध्याकाळी घ्यायचे, पळायचे मोजे घालून, आणि पुढे अंगठ्याएवढी जागा सोडून. दुसरा जोड ४२००. पहिला जाऊबाईंनी १५०० ला घेतला, त्यांचा पाय माझ्याहून एका नंबरने लहान.

४ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीत पाच दिवस काही नाही. करंज्या, शंकरपाळे, पाहुणे. काल भाऊबीजेला माहेरी आले, अंबड तालुक्यात. आज पहाटे गावच्या रस्त्याला १३ किलोमीटर, भाऊ मागून मोटारसायकलवर.

उजाडलं तेव्हा कापूस वेचायला निघालेल्या बायका भेटल्या. एक म्हणाली, "भाऊ गाडीवर बसलाय अन् बहिणीला पळवायलाय, काय ओवाळणी घातली का नाही?" भावाला पुढचे दोन किलोमीटर तोंड वर करता आलं नाही.

परतताना तो अविनाश साबळेचं सांगत होता. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा पोरगा, लहानपणी शाळेला सहा किलोमीटर जायचा, आणि २०२० मध्ये दिल्लीत हीच हाफ मॅरेथॉन त्याने एक तास तीस सेकंदांत मारली. किलोमीटरला तीन मिनिटंसुद्धा नाहीत. भावाने स्पीडोमीटरकडे बघून सांगितलं, "ताई, ते वीसच्या वर जातंय. तू सातवर हायस."

सातवर. १७ चा पाढा पूर्ण म्हणत.

१० नोव्हेंबर, रविवार

१६ किलोमीटर, २ तास १८ मिनिटं. आत्तापर्यंतचं सर्वात लांब, आणि चुका तीन.

पहिली: ओआरएसची मोठी पुडी एक लिटरची असते. मी अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खी घातली, म्हणजे जास्त ताकद. उलट तहान वाढली आणि मळमळायला लागलं. पुडीवर स्पष्ट लिहिलेलं असतं. मी रोज मुलांना सूचना वाचा म्हणते.

दुसरी: आदल्या संध्याकाळी रस्त्यात दोन ठिकाणी झाडामागे पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या. एक सापडली. दुसरी झाडणाऱ्या मावशींनी उचलली असणार, आणि त्यांचं बरोबरच आहे. आता कमरेच्या पट्ट्यात एक बाटली, आणि आठव्या किलोमीटरला घरावरून जाणारा मार्ग.

तिसरी अंघोळीच्या वेळी कळली. पाणी पडलं आणि ओरडले. ब्राच्या पट्ट्याखाली आणि मांड्यांच्या आत कातडं सोललं होतं. निघण्याआधी व्हॅसलीन, जिथे जिथे कापड घासतं तिथे सढळ हाताने.

जे बरोबर निघालं ते खाणं. रात्री ज्वारीची भाकरी आणि मुगाची आमटी, पहाटे केळं आणि दोन खजूर. शेंगदाण्याची चिक्की पळताना नको, दातांत अडकते आणि पाणी मागते. आदल्या रात्री ठेचाही नको. ह्यावर जास्त लिहीत नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

विधानसभेची ड्युटी. १९ ला साहित्य घेऊन केंद्रावर, रात्र शाळेच्या फरशीवर, २० ला पहाटे साडेचारपासून संध्याकाळपर्यंत खुर्चीत, मग यंत्रं जमा करून घरी यायला रात्रीचे दोन. पाय सुजून शूज चढत नव्हते. मतदान केंद्राच्या ओट्यावर टाचा उचलायचे फेरे केले. हवालदार म्हणाले, "बाई, मुंग्या आल्या का?"

ह्या आठवड्याचा हिशोब शून्य.

२४ नोव्हेंबर, रविवार

१८.५ किलोमीटर. मार्गाचा नकाशा जाहीर झालाय: गारखेड्याचं विभागीय क्रीडा संकुल, सेव्हन हिल, उजवीकडे जालना रोडने विमानतळापर्यंत, तिथून वळून उलट क्रांती चौक, आणि परत. नकाशावर सरळ रेघ दिसते, पण जालना रोडवर उड्डाणपूल आहेत. सिडकोचा दोनदा, सेव्हन हिलचा एकदा, मोंढा नाक्याचा दोनदा. पाच चढ, आणि मी गेले दोन महिने सपाट गल्ल्यांत पळतेय.

आज मुद्दाम सिडकोच्या पुलावर चार वेळा चढ-उतार केला. चढताना पावलं छोटी, नजर पुलाच्या टोकाकडे न ठेवता दहा-बारा हात पुढे. खरा त्रास उतरताना होतो. उतारावर पाय मोकळे सोडले की मांडीचा पुढचा भाग भरून येतो आणि त्याची वसुली नंतर होते. हे आठवड्याआधी कळलं असतं तर विद्यापीठातला चढ जास्त वेळा केला असता.

१ डिसेंबर, रविवार

१२ किलोमीटर, सावकाश. आज खर्च मांडला.

नोंदणी ११००, पहिले शूज २६००, दुसरे ४२००, स्पोर्ट्स ब्रा दोन १७००, फिजिओथेरपिस्ट तीन खेपा १५००, दिवा ४५०, मोजे ५००, ओआरएस-खजूर-व्हॅसलीन वगैरे ६५०. एकूण १२,७००. जाऊबाईंचे १५०० वजा केले तर ११,२००. त्यात पहिल्या शूजवर बुडालेले ११०० आणि फिजिओचे १५००, असे २६०० निव्वळ मूर्खपणाचे. नवऱ्याने कागद बघून विचारलं, पहिलीला बक्षीस किती? मी म्हटलं, आधी शेवटचीला काय म्हणतात ते विचारा.

ब्रावर मात्र काटकसर करू नका. मी आधी दोन साध्या ब्रा एकावर एक घालून बघितलं होतं.

१४ डिसेंबर, शनिवार

बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, आणायला गेले. दोन तास रांग. पुढच्या टेबलवर कळलं की ओळखपत्राची छायाप्रत लागते, तीही बाजूच्या गल्लीतून काढून आणायची. टी-शर्ट फक्त मोठ्या मापाचे उरले होते, माझा मुलाला आला. शक्य असेल त्याने पहिल्याच दिवशी बिब आणावा. आदल्या दिवशी दोन तास उन्हात उभं राहणं म्हणजे सरावातली विश्रांती मातीत.

बिबच्या मागे वेळ मोजणारी चिप चिकटवलेली असते. तिथे घडी घालायची नाही, पिन टोचायची नाही.

रात्री साडेआठला आडवी झाले. झोप बारानंतर.

१५ डिसेंबर, रविवार

सुरुवात सहाला. पावणेपाचला संकुलात, थंडी कडाक्याची. जुना स्वेटर अंगावर होता, तो सुटायच्या आधी नवऱ्याकडे दिला. स्वच्छतागृहासमोर बायकांची रांग पन्नासेक जणींची. पुरुषांना कुंपण आहे. माझा नंबर पाच पंचावन्नला लागला, बाहेर आले तेव्हा मोजणी सुरू होती.

दहा आठवडे पाढे म्हणत पळाले, आणि बंदूक वाजल्यावर पाढा विसरले. ढोल-ताशा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं, सगळेच सुसाट. मी त्यांच्यासोबत. पहिले ५ किलोमीटर ३६ मिनिटांत. सिडकोच्या पुलावर लोकांना ओलांडत चढले, कसलं छोटं पाऊल आणि कसलं काय. एक तास पूर्ण झाला तेव्हा मी वळून येऊन मुकुंदवाडीत होते आणि भावाचं बोलणं आठवलं: ह्या वेळेत साबळेचं संपलं असतं. हसू आलं, आणि हसताना लक्षात आलं की धाप लागलीय.

१० किलोमीटर, १ तास १५. तिथून सिडकोचा पूल परतीचा. तेव्हा कुठे १७ चा पाढा सुरू केला. सतरा चोक अडुसष्टला अडकले.

बाराव्यापासून मांड्या जड. आकाशवाणीपाशी नवरा आणि मुलगा उभे होते, ओआरएसची बाटली घेऊन. बाटली हातात घेतली नाही, "परत येताना" म्हणाले. हा निर्णय अपघाताने बरोबर ठरला. मोंढा नाक्याचा पूल चढताना पहिल्यांदा चालले. क्रांती चौकात महाराजांच्या पुतळ्यापाशी वळले, घड्याळात १ तास ५७. वळल्याबरोबर ऊन थेट डोळ्यांत. टोपी घरी, दाराच्या खुंटीला.

सोळाव्याच्या पुढचं पाण्याचं टेबल रिकामं होतं. खाली चुरगळलेले कप, आणि एक स्वयंसेवक पोरगा ओशाळून म्हणाला, "मॅडम, संपलं." पुढे निघून गेलेल्या लोकांनी डोक्यावर ओतून घेतलं होतं म्हणे. पाणी सातव्या दिवशी येणाऱ्या शहरात डोक्यावर ओतलं. मागून येणाऱ्यांना जास्त वेळ लागतो, त्यांना जास्त तहान लागते, आणि पाणी त्यांच्याआधी संपतं. आयोजकांना मेल केलाय. उत्तर आलं तर इथे लिहीन.

सतराव्याला आकाशवाणी. अख्खी बाटली प्यायले. ह्या वेळी पुडी एका लिटरचीच, एका लिटरमध्ये.

सेव्हन हिलवरून गारखेड्याकडे वळल्यावरचे तीन किलोमीटर मला तुकड्या-तुकड्यांतच आठवतात. गजानन महाराज मंदिराच्या चौकात कुणीतरी संत्र्याच्या फोडी देत होतं. पंचावन्न-साठीच्या एक काकू नऊवारी नेसून, पायात शूज, माझ्या पुढे निघून गेल्या. मी त्यांच्या पाठीकडे बघत एक विजेचा खांब पळायचे, एक चालायचे. विसाव्यानंतर चालले नाही. कारण एवढंच की तिथे माझ्या शाळेतले दोघं शिक्षक उभे होते.

चिपची वेळ २ तास ५१ मिनिटं ४० सेकंद. ठरवली होती २.४५. पहिल्या पाचात जी काही मिनिटं कमावली, ती शेवटच्या सहात व्याजासकट परत केली.

पदक घेतलं. पोह्यांची रांग बघून घरी आले.

१७ डिसेंबर, मंगळवार

जिना उलटा उतरतेय, कठड्याला तोंड करून. फळ्यावर खालच्या ओळी लिहिणं शक्य नाही, त्या पोरांना लिहायला लावल्या. उजव्या अंगठ्याचं नख सुटत आलंय. पोरांनी पदक हातोहात फिरवलं. एकाने विचारलं, "बाई, कितवा नंबर आला?" खरा सांगितला. त्याने गणित करून सांगितलं की माझ्या मागे १४३ जण होते.

१९ डिसेंबर, गुरुवार

पाणी पहाटे पावणेपाचला आलं. मोटार लावली. पळायचं नव्हतं, नुसतं चालणार होते. काकू आधीच खडू घेऊन फाटकापाशी. त्यांच्या १४ फेऱ्या, माझ्या २९. शेवटच्या नऊ पळत. टाकी भरून वाहिली.